भावाला आरपी, आबांना पार्किन्सन: संशोधन नेमकं कुठवर आलंय?

तापीकाठ
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

घरात दोन आजार आहेत. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणजे आरपी, डोळ्याच्या पडद्याचा आजार. आणि आबांना पार्किन्सन, वय ६८. दोघांचे डॉक्टर वेगळे पण दोघंही सांगतात तेच, पेशी हळूहळू मरत चालल्यात आणि त्या परत आणणारं औषध आज नाही. आम्ही यावल तालुक्यातले, केळी आणि कपाशी. भावाचं लहानपणापासून असणार पण कळलं उशिरा. आमच्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्रपाळी आली की हा पाणी भरायला जायलाच तयार नसायचा, गेला तरी बांधावरून पाय घसरायचा, व्हॉल्व्हचा कॉक हाताने चाचपत बसायचा, आणि सगळं गाव त्याला कामचोर म्हणायचं. आजी एकटी म्हणायची की पोराला "रातले काहीच दिखस नही". जळगावला दाखवलं तेव्हा कळलं की बाजूचं दिसणंसुद्धा गेलंय, फक्त समोरचं गोल दिसतं.

आता प्रश्न असा की हे दोन्ही एकाच मुळाचे आजार आहेत का, म्हणजे आबांकडूनच भावाला आलंय का? आणि दुसरं, एका मोठ्या शहरातल्या सेंटरचा माणूस घरी येऊन गेला, म्हणे स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन भावाला डोळ्यात आणि आबांना पाठीच्या मणक्यात देऊ, दोघांचं मिळून पॅकेज, काही लाखांचं. केळीचे पैसे नुकतेच हातात आलेत, माय म्हणते करून टाकू. मला उमजत नाहीये. कोणी यातलं जाणतं असेल तर सांगा.

जिभाऊ_धुळे
दादा आधी एक, त्या सेंटरला रुपया देऊ नका. माझ्या साडूंनी गुडघ्यासाठी अशाच एका ठिकाणी पैसे भरले, फरक काही नाही आणि नंतर फोन उचलणारं पण कोणी नाही. गुडघ्याचं निभावून गेलं, डोळ्याचं कसं निभावणार. बाकी जाणकार सांगतीलच.

चोपड्याची_लेक
तापीकाठ दादा, मी मूळची चोपड्याची, सध्या हैदराबादला डोळ्याच्या पडद्यावरच्या संशोधनात आहे. डॉक्टर नाही, संशोधक आहे, त्यामुळे गोळ्या-औषधांचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला, मी विज्ञान कुठे पोचलंय तेवढं सांगते.

आबांकडून भावाला आलंय का, तर नाही. आरपी हा जीनमधल्या बिघाडाचा आजार आहे, जगात साधारण ४,००० माणसांमागे एकाला होतो आणि आतापर्यंत ८० च्या वर जीन सापडलेत ज्यातला कुठलाही एक बिघडला तरी आरपी होऊ शकतो. पार्किन्सन बहुतेकांमध्ये असा एका जीनचा नसतो, वय, वातावरण, थोडी अनुवंशिकता असं सगळं मिळून होतं. तुमच्या घरात दोन्ही आहेत हा योगायोग समजा.

पण "पेशी मरतात" हे दोन्ही डॉक्टरांनी म्हटलं ते बरोबरच आहे, आणि माझ्यासारखे लोक हे दोन आजार एकत्र वाचतात ते त्याचमुळे. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच भाग आहे. गर्भात मेंदूचा एक फुगवटा पुढे येतो आणि त्यातून पडदा तयार होतो, आणि पडद्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेत प्रत्येक डोळ्यामागे १० लाखांच्या आसपास तंतू असतात. मेंदूच्या पेशींसारख्याच पडद्याच्या पेशीही एकदा गेल्या की नव्या उगवत नाहीत. मरण्याची तऱ्हासुद्धा पुष्कळदा सारखी. १९९० मध्ये थॅडियस ड्रायजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरपीच्या रुग्णांमध्ये रोडॉप्सिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमधला बिघाड शोधला, आरपीचा तो पहिल्यांदा सापडलेल्यांपैकी एक. त्यात ते प्रोटीन नीट घडीच होत नाही, पेशीत साचतं आणि पेशी मरते. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन साचतं, अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ. प्रोटीन वेगळं, जागा वेगळी, पण चुकीच्या घडीचा माल साचणं आणि पेशीला तो झेपेनासा होणं हा धागा सगळीकडे आहे.

स्टेम सेलचं पॅकेज यावर वेगळं लिहिते, ते जास्त महत्त्वाचं आहे.

भुसावळ_ऑप्टो
मी ऑप्टोमेट्रिस्ट. लेकताई छान लिहिताय. तापीकाठ, भावाची ईआरजी झालीय का? पडद्यातून विजेचा सिग्नल किती येतो ती तपासणी. फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ते) आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) तर झालीच असेल. आणि त्याला ऐकायला कमी येतं का हे मुद्दाम विचारा, आरपीबरोबर बहिरेपणा असला तर अशर सिंड्रोम असू शकतो, घरच्यांना वाटतं पोरगं दुर्लक्ष करतं.

तापीकाठ
ऐकायला ठणठणीत आहे. ईआरजी झाली, रिपोर्टवर रॉडचा प्रतिसाद जवळजवळ नाही असं लिहिलंय. रॉड म्हणजे काय आणि मग त्याला दिवसा चांगलं दिसतं ते कसं काय?

चोपड्याची_लेक
पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी, रॉड आणि कोन. रॉड अंधारासाठी, साधारण १२ कोटी. कोन दिवसाउजेडासाठी, रंगासाठी, वाचण्यासाठी, साधारण ६० लाख. आरपीत बिघडलेला जीन बहुतेक वेळा रॉडचा असतो, म्हणून आधी रात्रीचं जातं मग बाजूचं जातं. पण पुढे जाऊन कोनही मरतात, आणि त्यांचा जीन तर कित्येकदा शाबूत असतो! हे कोडं फार वर्षं होतं.

आपल्याकडे केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून कडेने शेवरी लावतात ना, ती वाळून गेली की आतली केळी चांगली असूनही पानं फाटायला लागतात. रॉड-कोनचं तसंच काहीसं आहे. रॉड सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या पेशी, त्या गेल्या की तोच ऑक्सिजन कोनवर येतो आणि त्यांची नासाडी करतो. शिवाय पॅरिसच्या होजे सहेल आणि थिएरी लेव्हेयार यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की रॉड एक प्रोटीन सोडतात जे कोनला जगवतं, रॉड गेले की ते पण बंद. म्हणूनच आज एन-ॲसिटिल सिस्टीन या जुन्या, स्वस्त औषधाची मोठी चाचणी चालू आहे, कोनचं ऑक्सिजनपासून रक्षण होतं का बघायला. त्याचा निकाल यायचाय, तोवर मेडिकलमधून आणून स्वतःच सुरू करू नका.

तुमच्या भावाचं आज जे समोरचं दिसणं आहे ते कोनचं आहे. म्हणजे वाचवण्यासारखं अजून बरंच शिल्लक आहे, आणि त्या उरलेल्या डोळ्यात कोणाही ऐऱ्यागैऱ्याला सुई घालू द्यायची नाही हे त्याचमुळे म्हणते.

अमेरिकेत फ्लोरिडात काय झालं ते मायला वाचून दाखवा. तीन बायका, ७० ते ९० च्या दरम्यानच्या, वयामुळे पडदा खराब झालेला पण दिसत होतं. एका क्लिनिकने त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या "स्टेम सेल" दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या, ५,००० डॉलर घेऊन. काही दिवसांत पडदे सुटले, रक्तस्राव झाला, तिघींची दृष्टी गेली. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापून आलं. खऱ्या चाचणीत दोन्ही डोळे एकाच दिवशी कधी करत नाहीत, आणि पेशंटकडून पैसेही घेत नाहीत.

आपल्याकडे आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सरळ सांगतात की रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा उपचार म्हणून विकता येत नाही, फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच देता येतो. चाचणी खरी की खोटी हे बघायला सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, ऑनलाइन, फुकट, २००९ पासून भारतातल्या प्रत्येक औषध-चाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे. त्या सेंटरवाल्याला एवढंच विचारा, सीटीआरआयचा नंबर द्या. नंबर नुसता असून भागत नाही, उघडून बघा आजार कुठला लिहिलाय, एथिक्स कमिटीची मान्यता आहे का.

जिभाऊ_धुळे
हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे. ताई तुमचा वरचा प्रतिसाद आमच्या गावाच्या ग्रुपवर टाकू का?

चोपड्याची_लेक
जरूर टाका.

वनौषधी_शिरपूर
आधुनिक वाल्यांनी आमच्या शास्त्राचाही विचार करावा. कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनवर, खाजकुयलीच्या बिया, ज्याला बाजारात कौचबीज म्हणतात, आपल्याकडे पूर्वापार देतात आणि सातपुड्यात ती मुबलक आहे. त्यात लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीतलंच औषध, असतं हे पाश्चात्त्यांनीही मान्य केलंय. मग आबांना महागड्या गोळ्या कशाला?

चोपड्याची_लेक
खाजकुयलीत लेव्होडोपा असतं हे शंभर टक्के खरं, त्याच्या चाचण्याही झाल्यात आणि आपल्या परंपरेला याचं श्रेय द्यायलाच हवं. अडचण मात्रेची आहे. आबा आधीच लेव्होडोपाची गोळी घेत असणार, त्यावर चूर्ण म्हणजे तेच औषध दुप्पट, आणि प्रत्येक पुडीत किती आहे ते कळत नाही. मग उलट्या, चक्कर, हातपाय आपोआप वळवळणं, भास होणं असं सगळं होतं. शिवाय गोळीत कार्बिडोपा असतं ते औषधाला मेंदूत पोचेपर्यंत जपतं, ते बियांत नाही. घ्यायचंच असेल तर न्यूरोवाल्या डॉक्टरांना सांगून, लपवून नको.

तापीकाठ दादा, आबांचं एक बघा, ते गोळी जेवणाबरोबर घेतात का? डाळ, दूध, शेंगदाणे, मांस यातलं प्रोटीन लेव्होडोपाच्या वाटेत येतं. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतली की पुष्कळांना फरक पडतो, डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा.

तापीकाठ
अहो ते तर रोज कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबरच घेतात, वर दूध! कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच फोन करतो डॉक्टरांना.

अमळनेर_मास्तर
चर्चा फार उपयोगी चाललीय. माझ्या आईला ८१ व्या वर्षी एएमडी सांगितलंय, म्हणजे वयामुळे पडद्याचा मधला भाग खराब होणं, कोरडा प्रकार. पेपरात आलं होतं की चिप बसवून आंधळे लोक वाचायला लागले. कितपत खरं?

चोपड्याची_लेक
सर, खरं आहे पण नीट समजून घेऊ. प्रिमा नावाची चिप आहे, २ मिलिमीटर बाय २ मिलिमीटर, ३७८ बारीक ठिपके त्यावर, स्टॅनफर्डच्या डॅनियल पालांकर यांची कल्पना. पडद्याखाली बसवतात, चष्म्यातला कॅमेरा चित्र घेऊन अदृश्य उजेडाने चिपवर टाकतो, चिप त्याची वीज करते आणि पडद्याच्या उरलेल्या पेशींना देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल आले, युरोपातले ३८ पेशंट, कोरड्या एएमडीची शेवटची पायरी असलेले. एक वर्ष पूर्ण केलेल्या ३२ पैकी २६ जणांची दृष्टी ठळकपणे सुधारली, अक्षरं वाचता आली. दिसतं ते काळं-पांढरं, आणि महिनोन्‌महिने सराव लागतो. भारतात मिळायला वेळ आहे.

चिपच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आर्गस २ नावाची आधीची चिप होती, ६० इलेक्ट्रोडची, आरपीसाठीच, २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, जगात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी बसवली. २०१९ मध्ये कंपनीने ती बनवणं बंद केलं आणि लोकांच्या डोळ्यात यंत्र तसंच राहिलं, बिघडलं तर दुरुस्त करायला कोणी नाही. यंत्र चालतं का एवढं विचारून पुरत नाही, दहा वर्षांनी सांभाळणार कोण हे पण विचारलं पाहिजे.

आईंचं आजचं म्हणाल तर तंबाखू-मिसरी असेल तर ती बंद करणं, आणि एक डोळा झाकून रोज दरवाजाच्या चौकटीकडे बघणं, रेषा वाकडी दिसली की त्याच आठवड्यात डॉक्टर. कोरड्याचा ओला प्रकार झाला तर त्यावर इंजेक्शनं आहेत आणि ती वेळेत दिली तर खरंच काम करतात.

सातपुडा_नर्स
मी नंदुरबारकडे आरोग्य विभागात आहे, अक्कलकुवा-धडगाव भागात. एक सांगावंसं वाटलं. आमच्याकडे रात्री न दिसणारं मूल आलं की आधी व्हिटॅमिन ए ची कमतरता बघायची, डोळ्याच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसतो. ते डोसने बरं होतं. ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत ९ डोस सरकारी केंद्रात मोफत आहेत, ते चुकवू नका. पण डोस देऊनही दिसत नसेल आणि घरात अजून कोणाला तसंच असेल तर ते पोरगं पडद्याच्या डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. ते होत नाही हो. रातांधळं म्हणून सोडून देतात.

चोपड्याची_लेक
नर्सताई, हे इतकं महत्त्वाचं आहे. आणि उलटही होतं, आरपीवाले लोक व्हिटॅमिन ए च्या मोठ्या डोसच्या गोळ्या वर्षानुवर्षं खातात. १९९३ मधल्या एका अमेरिकन अभ्यासामुळे ती पद्धत पडली, पण तोच डेटा जीनच्या माहितीसकट परत तपासला तेव्हा २०२३ मध्ये फायदा दिसला नाही. आणि स्टारगार्ट नावाच्या पडद्याच्या आजारात तर जास्तीचं व्हिटॅमिन ए टाळायलाच सांगतात. जीन माहीत नसताना काही खाऊ नये ते याचसाठी.

तापीकाठ
जीन जीन सगळीकडे येतंय, ही तपासणी केल्याने उपचार मिळतो का पण? नुसतंच नाव कळून काय करायचं?

चोपड्याची_लेक
नावावरच तर सगळं अडलंय दादा. आज आरपीच्या गटात मान्यता मिळालेली जीन थेरपी एकच, लक्सटर्ना, डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत. जीन बेनेट आणि आल्बर्ट मॅग्वायर या नवरा-बायकोने पेनसिल्व्हेनियात ती उभी केली, आधी जन्मतः आंधळ्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांवर. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगला जीन भरून पडद्याखाली सोडतात. पण ती फक्त आरपीई६५ हा जीन आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी बिघडलेला आलेल्यांना चालते, असे पेशंट फार थोडे. आणि किंमत एका डोळ्याची ४ लाख २५ हजार डॉलर, म्हणजे दोन्ही डोळे मिळून आजच्या भावाने सात कोटींच्या पुढे. मला या किमतीचा राग येतो, हे लिहूनच टाकते.

दुसरी वाट जीन न बघता जाणारी, ऑप्टोजेनेटिक्स. रॉड-कोन गेले तरी मागच्या नसेच्या पेशी बराच काळ जिवंत असतात, त्यांनाच शेवाळातलं उजेड ओळखणारं प्रोटीन द्यायचं. २०२१ मध्ये सहेल आणि बोटोंड रोस्का यांनी ५८ वर्षांच्या आरपीच्या पेशंटवर ते करून दाखवलं, खास चष्मा लावून त्याला टेबलावरची वही सापडली, पेले मोजता आले. आधी त्याला फक्त उजेड कळायचा. एका पेशंटचं आहे, लक्षात ठेवा, पण मी तो व्हिडिओ बघून रडले होते.

आणि तुमच्या घरासाठी मुद्दाम एक गोष्ट. जपानमध्ये मासायो ताकाहाशी या डोळ्याच्या डॉक्टर. त्वचेच्या पेशीपासून आयपीएस पेशी, म्हणजे परत मूळ अवस्थेत नेलेली पेशी, आणि त्यापासून पडद्याचा थर बनवून त्यांच्या गटाने सप्टेंबर २०१४ मध्ये जगात पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवला. दृष्टी वाढली नाही, पण टिकली. दुसऱ्या पेशंटच्या पेशींमध्ये जीनचे बदल दिसले तर त्यांनी काम थांबवलं. याला म्हणतात खरं स्टेम सेलचं काम, शंका आली की थांबतात. त्यांचे पती जुन ताकाहाशी क्योटोत मेंदूचे सर्जन, त्यांनी तशाच पेशींपासून डोपामिन बनवणाऱ्या पेशी (पार्किन्सनमध्ये मरतात त्या याच) करून पार्किन्सनच्या ७ पेशंटच्या मेंदूत घातल्या. एप्रिल २०२५ मध्ये नेचरमध्ये निकाल आला, दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाही, आणि तपासलेल्या ६ पैकी ४ जणांची हालचाल औषध न घेतलेल्या वेळेतही सुधारली. एकाच घरात एकजण पडद्यावर आणि एकजण पार्किन्सनवर!

बघा, मणक्यात टोचून यातलं काहीच होत नाही. पेशी मेंदूत नेमक्या जागी जाव्या लागतात.

अमळनेर_मास्तर
डोळ्याच्या स्कॅनवरून पार्किन्सन आधी कळतो असंही वाचलं, ते काय आहे?

भुसावळ_ऑप्टो
सर, ओसीटी. पडद्याचे थर मायक्रॉनमध्ये मोजतो तो स्कॅन, हात न लावता, दोन मिनिटांत. पडद्यातही डोपामिनच्या पेशी असतात. लंडनच्या मूरफिल्ड्समधल्या लोकांनी २०२३ मध्ये दोन लाखाहून जास्त लोकांचे जुने स्कॅन तपासले, आणि ज्यांना पुढे पार्किन्सन झाला त्यांच्यात आतले थर सरासरी सात वर्षं आधीपासून पातळ दिसले. पण हे गर्दीचं गणित आहे. थर काचबिंदूनेही पातळ होतो, मायनस नंबर जास्त असला तरी होतो. उद्या कोणी तुम्हाला "डोळ्यावरून पार्किन्सन सांगतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

चोपड्याची_लेक
+१. आणि अल्झायमरसाठी लॉस एंजेलिसमध्ये पेशंटला हळदीतलं कर्क्युमिन देऊन पडद्यावरचे अमायलॉइडचे ठिपके चमकवून बघितलेत. हळदीने आजार बरा होतो असा याचा अर्थ कोणी काढू नका, तिथे ती रंगासारखी वापरलीय.

तापीकाठ
वाचतोय सगळं, मायलाही वाचून दाखवतोय. सेंटरवाल्याला नंबर मागितला, म्हणे "साहेबांना विचारून सांगतो", दोन वेळा फोन केला, आता उचलतच नाही. पॅकेजचं रद्द.

अजून एक नाजूक आहे. भावासाठी मामाच्या मुलीचं स्थळ घरात चालू आहे, लहानपणापासून ठरल्यासारखंच. तिला सगळं माहीत आहे, तिची तयारी आहे. मग?

चोपड्याची_लेक
मुलीला सगळं सांगितलंय हे फार चांगलं केलंत. आरपी तीन तऱ्हेने उतरतो. आईवडील दोघं वाहक असले, दोघांनाही स्वतःला काही नाही, तरी प्रत्येक मुलाला २५ टक्के शक्यता, हा एक. दुसऱ्यात आईवडिलांपैकी एकाकडूनच येतो, शक्यता निम्मी. तिसरा आईकडून मुलग्यांना. तुमच्याकडे आईवडील दोघांना आरपी नाही म्हणजे पहिला किंवा तिसरा जास्त संभवतो. पहिला असला तर मायसुद्धा वाहक, मग मामाही वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि मुलीला तोच बिघाड यायची चारात एक. बाहेरच्या मुलीत ही शक्यता फार कमी असते. म्हणून लग्नाचं ठरवायच्या आधी भावाची जीन तपासणी, बिघाड सापडला तर मग मुलीची तेवढ्याच एका बिघाडासाठी. अहवाल घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे दोघांनी बसायचं. हैदराबादचं एलव्ही प्रसाद, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, या ठिकाणी अशा आजारांसाठी काम चालतं. तपासणीत दर वेळी जीन सापडतोच असं नाही हेही मनात ठेवा.

भुसावळ_ऑप्टो
तापीकाठ, जाताना जुनी ईआरजी, फील्ड आणि ओसीटी तिन्ही मूळ रिपोर्ट न्या, झेरॉक्सवर फील्डचे काळे भाग नीट उठत नाहीत. मोतीबिंदू आणि पडद्यावरची सूज पण बघायला सांगा, आरपीत दोन्ही लवकर होतात आणि दोन्हीवर इलाज आहे, पुष्कळ लोक ते आरपीच वाढलं म्हणून बसून राहतात. आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. समोरचं ६/६ वाचतो म्हणून नाकारलं तर फील्डचा रिपोर्ट पुढे ठेवा. २०१६ च्या कायद्यात चांगल्या डोळ्याचं क्षेत्र ४० अंशांच्या आत असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांच्या आत असेल तर अंधत्व, असं स्पष्ट आहे. पार्किन्सनही त्याच कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे आबांचा अर्ज पण सोबतच भरा.

तापीकाठ
भावाचं फील्ड दोन्ही डोळ्यांना १५ च्या आसपास लिहिलंय. म्हणजे अल्पदृष्टीत बसतं ना?

भुसावळ_ऑप्टो
बसतं. रिपोर्ट घेऊन भुसावळला या, अर्ज आपण सोबत बसून भरू.